अभय कोणी द्यायचे?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी ‘अभया’पासून सुरू होते. भ्यालेल्याने मन खंबीर करावे, असा त्याचा सोयीचा अर्थ आपण लावतो. पण आपल्याच परंपरेत अभयदानही आहे, आणि ते दान सत्ता हाती असणाऱ्यानेच द्यायचे असते. वर्गात शिक्षकाने, कारखान्यात साहेबाने. धाकाशिवाय शिस्त कशी राहील, हा आक्षेप प्रामाणिक आहे. मात्र धाकाने चूक थांबत नाही, ती लपते. न समजलेले गणित उद्या पुन्हा शिकवता येईल. यंत्रातला लपवलेला बिघाड मात्र कामगाराचा हात घेऊन जातो.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. कचेरीत चारचौघांत अपमान करणाऱ्या वरिष्ठाला मात्र आपण अजून ‘कडक’ म्हणून नावाजतो. ते नावाजणे आधी थांबवू या.