पंधरा महिने

अमेरिकेत १९९७चा एक कायदा आहे. मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, की काही अपवाद सोडता राज्याने आईबापांचे हक्क कायमचे संपवायला कोर्टात जायचं. मी कोड लिहितो, टाइमआउट का लावतात ते मला कळतं. कुणी कायम ताटकळत राहू नये म्हणून. दोन वर्षांच्या पोरासाठी १५ महिने म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य. पण नशा कॅलेंडर बघून सुटत नाही. माणूस सावरतो, घसरतो, पुन्हा सावरतो. १९८२मध्ये सँटोस्की खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यासाठी किमान स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा हवा असं ठरवलं, ते बरंच झालं. तरी मी मुलाच्या बाजूने. त्याला पक्कं घर मिळू दे. पण उद्या आई शुद्धीवर आली तर तिला बघायचंही नाही? काही राज्यांत दत्तकानंतर भेटींचा करार करता येतो. मला तेच पटतं.