सुरांचं कूळ विचारणारे

परंपरेचं नाव घेऊन कुणी काही नवं वाजवलं की त्या संगीताचं कूळ विचारायला माणसं पुढे येतात. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन भागात १९९०च्या दशकात जॉन झोर्न, मार्क रिबो, अँथनी कोलमन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘रॅडिकल ज्यूइश कल्चर’ या नावाखाली जे प्रायोगिक रॉक आणि जाझ उभं केलं, त्याच्या मागे ही विचारणा तीस वर्षं लागलेली आहे. तिचा सर्वांत आवडता अवतार असा: हिब्रू शीर्षकं काढून टाका, वेष्टनावरची हिब्रू अक्षरं पुसा, की मागे उरतो तो मुक्त जाझचा सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन. म्हणजे हे ज्यू संगीत नव्हेच, काळ्या अमेरिकनांचं मुक्त जाझ नव्या लेबलाखाली विकायला ठेवलेलं आहे. हा आक्षेप करणारे स्वतःला कठोर समजतात. मला तो सैल वाटतो, कारण शीर्षक काढल्यावर उरणारं संगीतच खरं, हे त्यांनी सिद्ध न करता गृहीत धरलं आहे. बंदिशीचे शब्द काढले तर ख्यालात काय उरतं, असं विचारून कुणी ख्याल निकालात काढत नाही.

मुळात हे नाव आलं कुठून ते पाहिलं पाहिजे. १९९२च्या सप्टेंबरात म्युनिकमध्ये एक महोत्सव भरला. त्यातला एक भाग झोर्नच्या हाती होता आणि त्याने तो ‘रॅडिकल न्यू ज्यूइश कल्चर’ या शीर्षकाखाली रचला. त्या महोत्सवासाठी झोर्न आणि रिबो यांनी जाहीरनामाही लिहिला. डाउनटाउनच्या त्या वर्तुळात ज्यू वादकांची संख्या भरपूर होती, पण आपण ज्यू असण्याचा आपल्या संगीताशी काही संबंध आहे का, हे बोलायची तिथे रीत नव्हती. याच महोत्सवात झोर्नची ‘क्रिस्टालनाख्ट’ ही रचना सादर झाली. शहर म्युनिक, हा योगायोग समजू नये. १९३८च्या ९ नोव्हेंबरला याच शहराच्या जुन्या नगरभवनात नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने जे भाषण केलं, त्यातून देशभर सिनेगॉग जाळण्याची आणि दुकानं फोडण्याची ती रात्र, म्हणजेच ‘क्रिस्टालनाख्ट’, सुरू झाली. पाठोपाठ सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेण्यात आलं.

‘क्रिस्टालनाख्ट’चा पहिला भाग क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवरच्या क्लेझ्मर सुरावटीने सुरू होतो. क्लेझ्मर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांतलं वाद्यसंगीत. ती सुरावट चालू असतानाच नाझी भाषणांची जुनी ध्वनिमुद्रणं मध्ये घुसतात. ती थांबवायला वादक काही करत नाहीत, वाजवत राहतात. दुसऱ्या भागात, ‘नेव्हर अगेन’मध्ये, बहुतेक वेळ फक्त काच फुटते. सुमारे बारा मिनिटं काचेचा आवाज, आणि त्यात इतके चढे स्वर की ध्वनिमुद्रिकेवर कानांना इजा होऊ शकते, असा इशारा छापावा लागला. हे ऐकणं सुखाचं नाही, ते तसं योजलेलंही नाही. पण शीर्षक काढण्याची कल्पना इथे लावून पाहा. शीर्षक काढलं तर उरते निव्वळ फुटणारी काच, आणि ती कुठल्याही शहरातली असू शकते. १९३८ची ती रात्र या रचनेत वरून चिकटवलेली नाही, रचना त्या रात्रीचीच बनलेली आहे. जे कुणी इथे संगीत आणि नाव वेगळं करू पाहतात, त्यांना ऐकायचंच नाही असं मी म्हणेन.

मात्र ‘मसादा’च्या बाबतीत एवढं सोपं उत्तर चालणार नाही, आणि आक्षेपाचा रोख खरं तर तिथे आहे. झोर्नचा आल्टो सॅक्सोफोन, डेव्ह डग्लसचा ट्रम्पेट, ग्रेग कोहेनचा डबल बास आणि जोई बॅरनचे ड्रम्स, असा हा चौघांचा संच. पियानो नाही. १९५९मध्ये ऑर्नेट कोलमनने डॉन चेरी, चार्ली हेडन आणि बिली हिगिन्स यांना घेऊन जी मुद्रिका केली, तिचा साचा हुबेहूब हाच. झोर्नने हे ऋण लपवलेलं नाही. १९८९मध्ये त्याने कोलमनच्या रचनांचीच एक अख्खी मुद्रिका काढली होती. मसादासाठी त्याने स्वतःला बंधनं घालून घेतली: चाल मोजक्या ओळींत मावली पाहिजे, ठरावीक स्वरसप्तकांतच राहिली पाहिजे आणि कुठल्याही लहान वाद्यसंचाला वाजवता आली पाहिजे. त्यातलं एक सप्तक मराठी वाचकाच्या कानाला परकं नाही. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद: आपल्या बसंत मुखारीचेच स्वर. ज्यू प्रार्थनेत त्याला ‘अहावा रब्बा’ म्हणतात, क्लेझ्मर वादक ‘फ्रेगिश’ म्हणतात. ‘हावा नागिला’ ऐकलेल्या कुणालाही तो कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाणारा लांब पल्ला आठवेल. १९९४च्या पहिल्या मुद्रिकेत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट ही चाल एकत्र घेतात आणि मग सुटतात. एक स्वर धरून ठेवतो, दुसरा त्याच्या भोवती घुटमळतो, मागून तिसराच वेग चालू असतो आणि तरी चाल हातची जात नाही. कोलमनच्या चौकडीतही अशीच मोकळीक आहे. फरक त्या मोकळिकीला जिथे परतायचं असतं त्या जागेत आहे. कोलमनची चाल ब्लूजच्या जमिनीवर येते, मसादाची त्या कोमल रिषभावर.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक पुढे येतात. त्यांच्या मते अस्सल ज्यू संगीत म्हणजे जुनं क्लेझ्मर, आणि मसादा ही त्याची मोडतोड. या शुद्धतावाद्यांना क्लेझ्मरचाच इतिहास उत्तर देतो. क्लेझ्मर वादक ज्या मुक्त लयीतल्या आलापीने लग्नमंडपातल्या लोकांना रडवत, ती ‘डोइना’ रोमेनियन मेंढपाळांकडून आली. ‘बुल्गार’ हा नाच बेसारेबियातला, ‘टेर्किशर’चा ठेका तुर्की वळणाचा. खुद्द अहावा रब्बाची खूण असलेला तो लांब पल्ला अरबी संगीतातल्या हिजाझमध्येही आहे. न्यूयॉर्कला आलेले नाफ्तुले ब्रांडवाइन आणि डेव्ह टारास हे क्लॅरिनेटचे दोन उस्ताद याच मिश्रणाचे वारसदार होते. पुढे हेच संगीत आपलं नाव झाकून अमेरिकन स्विंगमध्ये शिरलं. १९३९मध्ये बेनी गुडमनच्या बँडचं जे गाणं देशभर गाजलं, त्यातला झिगी एल्मनचा ट्रम्पेट म्हणजे सरळसरळ लग्नातला बुल्गार होता, गाण्याचे शब्द मात्र देवदूतांचे. म्हणजे क्लेझ्मर कधीच शुद्ध नव्हतं, आणि १९३९ ते १९९२ या काळात बदललं ते इतकंच की वादकांनी त्याचं नाव उघडपणे घ्यायला सुरुवात केली.

मग ज्यू संगीत ठरवायचं कशावरून? या प्रश्नाला सर्वांत जास्त उद्धृत होणारं उत्तर कुर्ट सॅक्सचं आहे, आणि त्याच्यापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण या वादात दोन्ही बाजूंचे लोक नकळत त्याच्याच शब्दांत बोलतात. सॅक्स हा बर्लिनचा संगीतशास्त्रज्ञ. १९१४मध्ये त्याने एरिक फोन हॉर्नबोस्टेलबरोबर जगभरच्या वाद्यांचं वर्गीकरण केलं. ते आजही संग्रहालयांत वापरलं जातं, आणि त्याचा पाया ब्रुसेल्सच्या माहियोंने वापरलेल्या चार वर्गांत, म्हणजे आपल्या तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या जुन्या विभागणीशी जुळणाऱ्या व्यवस्थेत आहे. १९३३मध्ये नाझींनी त्याला पदावरून घालवलं. आधी पॅरिस, मग १९३७मध्ये न्यूयॉर्क. वीस वर्षांनी, १९५७मध्ये, पॅरिसच्या एका परिषदेत त्याने ज्यू संगीताची व्याख्या केली: ज्यूंनी, ज्यूंसाठी, ज्यू म्हणून केलेलं संगीत. तीन अटी, तिन्ही माणसांविषयीच्या. स्वरांविषयी एकही नाही. ज्याने आयुष्यभर वाद्यांची नेमकी वर्गवारी केली, त्याने या एका प्रश्नावर ध्वनीला निकषातून वगळलं, यात मला मोठा विचार दिसतो. त्याला ठाऊक होतं की ज्यू समाज जिथे राहिला तिथले सूर त्याने घेतले आणि म्हणून स्वरांची कुठलीच यादी पुरणार नाही.

सॅक्सच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा कोकणात सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतल्या बेने इस्राएल या मूळच्या कोकणातल्या ज्यू समाजाने मराठी कीर्तनाचा घाट घेऊन बायबलमधल्या कथांवर कीर्तनं रचली. चाली इथल्या, भाषा मराठी, विषय आणि श्रोते ज्यू. त्यांच्या मलिद्याच्या विधीत प्रेषित एलियाहूचं स्तवन होतं. अहावा रब्बा मोजायला निघालेला अभ्यासक या कीर्तनांसमोर हतबल होईल. सॅक्सच्या तिन्ही अटी मात्र इथे पूर्ण होतात, आणि कुठलाही शहाणा माणूस या कीर्तनांना ज्यू संगीत म्हणणं नाकारणार नाही.

आता हीच मोजपट्टी मसादाला लावा. डेव्ह डग्लस ज्यू नाही. श्रोते बहुतेक ज्यू नाहीत. मसादाचे पहिले दहा स्टुडिओ अल्बम तर एका जपानी कंपनीने काढले. ‘ज्यूंनी’ ही अट अर्धी मोडते, ‘ज्यूंसाठी’ पूर्णच. उरते ‘ज्यू म्हणून’. सॅक्सने तिन्ही अटी एका दमात सांगितल्या, पण त्या एका तोलामोलाच्या नाहीत. पहिली अट सुटी पडली की ती वेगळ्याच घराण्याची आहे हे कळतं. १८५०मध्ये रिचर्ड वाग्नरने टोपणनावाने एक निबंध छापला आणि १८६९मध्ये तोच स्वतःच्या नावाने पुन्हा काढला. त्यात त्याचं म्हणणं होतं की ज्यू माणूस युरोपच्या भाषा आणि कला परक्यासारख्याच वापरतो, म्हणून तो नक्कल करू शकतो, निर्मिती करू शकत नाही. ज्यू कुळातला संगीतकार मेंडेल्सोनही त्यातून सुटला नाही. संगीत कानाने ऐकण्याआधी संगीतकाराचा वंश विचारायचा, ही पद्धत तिथली आहे. सॅक्स स्वतः त्या पद्धतीचा बळी. त्याने तीच अट प्रेमाने, आपल्या लोकांच्या रक्षणासाठी मांडली, हे मी समजू शकतो. अट मात्र तीच राहते.

आणि इथे मला झोर्नच्या बचावाचं काम सोडावं लागतं. १९९५मध्ये त्याने ‘त्झादिक’ ही कंपनी काढली. तिच्या ‘ग्रेट ज्यूइश म्युझिक’ या मालिकेत बर्ट बॅकरॅक, सर्ज गेन्सबूर, मार्क बोलन अशांच्या रचना डाउनटाउनच्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतल्या. बॅकरॅकच्या गोड अमेरिकन गाण्यांत ज्यू काय? मालिकेचं मौन उत्तर: त्याचा जन्म. बोलनचे तर वडील ज्यू होते, एवढंच. यात चिथावणी आहे हे मान्य. ज्यू श्रोत्याला धक्का देऊन विचार करायला लावायचा, हा हेतूही मान्य. पण ज्यांना आपण ज्यू म्हणवून घ्यायचं होतं की नाही हे कधी विचारलं गेलं नाही, त्यांच्या रचनांवर जन्माचा शिक्का मारणं म्हणजे वाग्नरचीच पद्धत उलट्या भावनेने वापरणं. ‘मसादा’त ‘ज्यू म्हणून’ ही अट कामातून पूर्ण होते, बॅकरॅकच्या मुद्रिकेत ती ‘ज्यूंनी’ या अटीत विरघळून जाते. एकाच माणसाच्या हातून या दोन परस्परविरोधी गोष्टी झाल्या, आणि त्यांना एकाच चळवळीचं नाव मिळालं म्हणून त्या एक होत नाहीत.

‘ज्यू म्हणून’ याचा अर्थ मी असा घेतो: आधीच्या सामग्रीवर काम करण्याची, तिला प्रश्न विचारण्याची आणि तो प्रश्न पुढच्याच्या हाती देण्याची एक शिस्त. ज्यू परंपरेत टीकेवर टीका लिहिली जाते. तालमूदच्या पानावर मूळ मजकुराभोवती भाष्यं छापलेली असतात. झोर्नने २००४मध्ये मसादाच्या चालींचा दुसरा ग्रंथ लिहिला आणि तो स्वतःपुरता न ठेवता इतरांना वाटला. त्यातून बत्तीस मुद्रिका झाल्या. त्यातली विसावी मिझुरीत जन्मलेल्या पॅट मेथेनीची आहे, २०१३ची. तो ज्यू नाही, त्याची वाद्यं वेगळी, ध्वनी वेगळा, चाली त्याच. तिसऱ्या ग्रंथातल्या ९२ चाली धरून एकूण संख्या ६१३ झाली; तोराहमधल्या आज्ञांची संख्या तीच. मसादा या नावातल्या राष्ट्रवादाबद्दलही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. रोमन वेढ्यात सामूहिक मरण पत्करलेल्या त्या किल्ल्याचा वापर पुढे इस्राएलच्या सैन्याने शपथविधीसाठी केला. नावाचं हे ओझं झोर्नने उचललं आणि ते हलकं करण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. पण ज्या संगीतात एक चाल कुणाही परक्या वादकाच्या हाती सोडली जाते, ते वेढा पडलेल्या किल्ल्याच्या तर्काने चालत नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणावं लागेल.

राहिला काळ्या संगीताचं ऋण हा मुद्दा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. कोलमनची शैली ज्या समाजातून आली, त्याच्या वाट्याला अमेरिकेत काय आलं हे विसरून ‘सगळे एकमेकांकडून घेतात’ असं म्हणणं पुरेसं नाही. घेणाऱ्यांची पत सारखी नसते. म्हणूनच मला डॉन बायरन या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्राँक्समध्ये वाढलेला हा काळा क्लॅरिनेटवादक बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकला आणि हँकस नेत्स्कीच्या ‘क्लेझ्मर कॉन्झर्व्हेटरी बँड’मध्ये वाजवू लागला. १९९३मध्ये, मसादाच्या पहिल्या मुद्रिकेच्या एक वर्ष आधी, त्याने मिकी कॅट्झच्या संगीतावर अख्खी मुद्रिका काढली. कॅट्झ यिद्दिशमिश्रित विडंबनगीतांसाठी प्रसिद्ध होता आणि गंभीर ज्यू श्रोत्यांना त्याची थोडी लाजच वाटत असे. बायरनने त्या विनोदाखाली दडलेली कसलेली वाद्यरचना ओळखली आणि ती नेमकेपणाने पुन्हा उभी केली. क्लेझ्मर क्लॅरिनेटमध्ये हुंदक्यासारखा तुटणारा एक अलंकार असतो, ‘क्रेख्ट्स’. तो लिहून शिकता येत नाही, ऐकून ऐकून अंगी मुरवावा लागतो, आणि बायरनने तो मुरवला. काळा माणूस हे का वाजवतो, हा प्रश्न त्याला पुन्हा पुन्हा विचारला गेला. मसादाला कोलमनचं उसनं म्हणून नाकारणाऱ्यांनी बायरनची मुद्रिका आपल्या तराजूत घालून पाहावी. वादकाच्या जन्मावरून संगीत ठरवायचं असेल, तर त्यांना ती ज्यू संगीतातून बाहेर काढावी लागेल. कामावरून ठरवायचं असेल, तर मसादाविरुद्धचा त्यांचा खटला त्यांनाच मागे घ्यावा लागेल.