पाडायची भिंत, राहायची भिंत

आयटीआयमध्ये ‘मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)’ नावाचा एक वर्षाचा ट्रेड असतो. त्यातली मुलं वर्षभर भिंती बांधतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा पाडतात. मातीच्या नाहीतर अगदी फुसक्या मसाल्यात विटा लावायच्या, कोपरा काटकोनात काढायचा, सरांनी ओळंबा सोडून बघायचं, गुण द्यायचे आणि विटा खरवडून पुन्हा थप्पीला लावायच्या. त्यात गैर काही नाही. विटा फुकट येत नाहीत, आणि हात बसायला चार भिंती वाया जाव्याच लागतात. पण असं शिकलेल्या मुलाला आपल्या भिंतीचा पावसाळा कधी बघायला मिळत नाही. खिडकीखाली ओल का आली, गिलावा कुठे फुगला, दार चौकटीत का अडकतं, हे ज्याला निस्तरावं लागतं तो घरमालक त्याच्या अभ्यासक्रमात नसतो.

तो असावा का, आणि असला तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गरिबाचं घर ही शिकाऊ मुलांची शाळा व्हावी, ही कल्पना ऐकायला गोड आहे. म्हणूनच ती जरा उलटसुलट करून बघायला हवी.

उदाहरणादाखल मध्य प्रदेशातला एक भाग घेऊ. जबलपूरहून कटनीकडे निघालं की वाटेत सिहोरा लागतं. भोवती लोहखनिजाची तांबडी माती, पुढे कटनीचा चुना आणि कैमोरचं सिमेंट. घराचं सामान असं हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या खेड्यांत गरिबाचं घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर कवेलू. ते घर वाईट नव्हतं. पावसाळ्याआधी कवेलू फेरले, माकडांनी फोडलेले बदलले, की वर्ष निघून जायचं. आणि हे काम घरातल्या माणसांना येत होतं.

२०१६ साली ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजना आली आणि पक्क्या घरांची लाट सुरू झाली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतून घरमालकाच्या सुमारे ९० दिवसांच्या मजुरीची सोय, आणि घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं. (१ लाख २० हजारांचा आकडा तेव्हापासून जागचा हललेला नाही. सिमेंट आणि सळई मात्र त्याच्यासाठी थांबलेली नाही.) योजनेत ठेकेदाराला मज्जाव आहे, ज्याचं घर त्यानंच बांधायचं. नियम चांगलाच आहे. पण गवंडी शोधायला निघालं की कळतं, गावातला बरा मिस्त्री केव्हाच जबलपूरला, नाहीतर नागपूर-पुण्याच्या साइटवर गेलेला असतो. मातीची भिंत घरच्यांना घालता येत होती. विटांची भिंत आणि वरचा स्लॅब येत नाही. पक्क्या घरानं माणसाला त्याच्याच घराच्या बाबतीत अडाणी करून ठेवलं.

यावर उपाय म्हणून ग्रामीण गवंडी प्रशिक्षण सुरू झालं, आणि मध्य प्रदेशानं ते सुरुवातीपासून मनावर घेतलं. ४५ दिवसांचा अभ्यासक्रम, शिकाऊंची एक तुकडी आणि लाभार्थ्याचं खरंखुरं घर. थापी-ओळंबा हातात घेऊन पायापासून छतापर्यंत तिथेच शिकायचं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. झारखंडात बायकांनी हे काम अंगावर घेतलं आणि ‘रानी मिस्त्री’ म्हणून नाव कमावलं. पाडायच्या भिंतीवरून राहायच्या भिंतीवर येणं हा मोठाच पल्ला आहे.

पण घरवाल्याच्या बाजूनं बघा. त्याला पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात. काम अमुक टप्प्यावर आल्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता. शिकाऊ हात सावकाश चालतो. थर वाकडा गेला, उतरवला, पुन्हा चढवला, यात विटा कुणाच्या फुटल्या? सिमेंट कुणाचं गेलं? शहरातला डॉक्टर शिकाऊ मुलाच्या हाती आपला बंगला देणार नाही. चुकांची शाळा गरिबाच्याच दारात भरते, कारण ‘नको’ म्हणायची ऐपत त्याच्याकडे नसते.

स्वयंसेवकांची गोष्ट वेगळी. २००६ साली ऑक्टोबरच्या शेवटी लोणावळ्याजवळच्या पाटण गावात जिमी कार्टर आठवडाभर घरं बांधायला आले होते. वय ८२, माजी राष्ट्राध्यक्ष आणि हौसेनं सुतारकाम करणारा माणूस. मिलार्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ साली अमेरिकेत सुरू केलेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’चा तो उपक्रम होता. शंभर घरं आणि देशोदेशीचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक. ज्यांची घरं तेही बरोबरीनं राबतात, हा या संस्थेचा दंडक. हिशेबी मनाला लगेच शंका येते : इतक्या लोकांच्या विमानभाड्यात आणखी किती घरं झाली असती? शंका रास्त आहे. घराच्या खर्चात मोठा वाटा सामानाचा असतो, मजुरीचा त्यामानानं लहान, आणि मजुरीतही महाग असतो तो गवंडी. घमेली उचलणारे हात फुकट मिळाले म्हणून घर फारसं स्वस्त होत नाही. आपल्याकडच्या एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरातही हेच होतं. मुलं येतात, खणतात, वाहतात, गाणी म्हणतात, जातात. श्रमदानानं श्रम करणाऱ्याचं भलं होतं, हे बाबा आमटे जाणून होते. १९६७ पासून सोमनाथला भरणारी श्रमसंस्कार छावणी मुळात तरुणांना घडवण्यासाठी होती. घर स्वस्त करण्याचा दावा तिथे कुणी केला नव्हता. स्वयंसेवकाच्या हाती चूक स्वस्तात सुटेल असं काम द्यावं : विटा भिजवणं, माती चाळणं, रंग लावणं, आणि रोज पाणी मारणं, ज्याला सिहोऱ्याकडे तराई म्हणतात. सिमेंटची निम्मी ताकद त्या पाण्यावर ठरते आणि सगळ्यांत जास्त आळसही तिथेच होतो.

शिकाऊ मुलगा आणि खरं घर यांची सांगड महाराष्ट्रात नीट बसवली ती पाबळला. शिरूर तालुक्यातल्या या अवर्षणग्रस्त गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेले हे गृहस्थ. आठवी झालेल्या, शाळेत न रमलेल्या मुलांना त्यांनी वर्षभर राहून करण्याचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम दिला, आणि गावाची कामं हीच त्याची प्रात्यक्षिकं ठरवली. मेख अशी की ही कामं फुकट नव्हती, गावानं त्यांचे पैसे द्यायचे. पैसे मोजणारा माणूस वाकडी भिंत खपवून घेत नाही, आणि त्याची तक्रार ऐकायला संस्था जागेवर असते.

किल्लारीच्या भूकंपानंतर पाबळच्या घुमटाची चर्चा झाली. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण बोल्टांनी जोडून सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा. खांब नाही, तुळई नाही, वजन कमी. यातली खरी शिकवण वर्कशॉपात असते. पट्टीची लांबी किंवा भोकाची जागा थोडी चुकली तर खालच्या रांगेत कळत नाही. चूक त्रिकोणामागून त्रिकोणात साचत वर चढते आणि माथ्याशी शेवटचा बोल्ट भोकात बसायला नकार देतो. मग खाली उतरून कुणी काय कापलं ते शोधा. मोजमापाचा असा धडा फळ्यावर देता येत नाही. घुमटाला खोडीही आहेतच : गोल भिंतीला लोखंडी कपाट टेकत नाही आणि मुलाचं लग्न ठरलं की बाजूला खोली काढता येत नाही. घरात राहायचं ज्याला असतं त्याला विचारल्याशिवाय आकार ठरवू नये, हेही शिकाऊंनी तिथेच शिकावं.

किल्लारीच्या त्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक आपल्याच जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, ती मुख्यतः ठेकेदारांच्या आणि देणगीदारांच्या हातून. त्या गावांतल्या घरांच्या कित्येक पट घरं लोकांनी जागच्या जागी स्वतः मजबूत केली. रक्कम त्यांच्या खात्यात आली, इंजिनियर तपासायला आले, आणि घरमालक आणि कचेरी यांच्यामध्ये गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. वीट चांगली कोणती, भिंतीला काँक्रीटचा पट्टा कुठे हवा, हे त्या शिकल्या आणि शेजारणीला सांगू लागल्या. गाजावाजा पहिल्या कामाचा झाला, मला दुसरं मोठं वाटतं.

सिहोऱ्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. २२ मे १९९७च्या पहाटे जबलपूर हादरलं आणि चाळीसच्या आसपास माणसं दगावली. जबलपूर भूकंपाच्या तिसऱ्या पट्ट्यात येतं. तिथल्या दोन खोल्यांच्या घरालाही दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना कवळणारा काँक्रीटचा पट्टा हवा. त्यातली सळई कोपऱ्यात तोडायची नसते, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची असते. घाई असली की गवंडी ती कोपऱ्यातच तोडतो, वर काँक्रीट पडतं, गिलावा होतो, आणि फोटोत सगळं छान दिसतं. आयटीआयची सरावाची भिंत बहुधा या उंचीला पोचतच नाही. म्हणून शिकाऊंना खऱ्या घरावर न्यायलाच हवं, पण त्या कोपऱ्याशी जुना मिस्त्री उभा हवा, फुटलेल्या विटांचा आणि उतरवलेल्या थराचा खर्च प्रशिक्षणाच्या पैशांतून यायला हवा, आणि तुकडी शक्यतो त्याच पंचक्रोशीतली हवी, म्हणजे छत गळलं तर ती सापडेल.

२०१८ साली मध्य प्रदेशात या योजनेच्या घरांवर पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांचे फोटो असलेल्या टाइल्स लागल्या होत्या; उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठानं ते फोटो काढायला लावले. त्या रिकाम्या जागी घर बांधणाऱ्या तुकडीच्या मिस्त्रीचं नाव आणि मोबाइल नंबर कोरायला कुणाची हरकत नसावी. निवडणुकीची आचारसंहिताही त्याला आडवी येणार नाही.