फसलेल्याचे पाप कोणते?
अनोळखी माणसाच्या कोट्यवधींच्या वारशात वाटा देऊ करणारा, पण आधी ‘शुल्क’ मागणारा ईमेल नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील कलमावरून ‘419’ म्हणून ओळखला जातो. युक्ती मात्र जुनी. 19व्या शतकात स्पेनमधल्या कल्पित कैद्याच्या सुटकेसाठी अशीच पत्रे येत. गीतेने लोभाला नरकाचे दार म्हटले, म्हणून फसलेलाच दोषी ठरतो का? कैद्याचे पत्र तर दयेलाही हात घालत होते. तेव्हा पाप फसवणाऱ्याचेच. मग कोणावर विश्वासच ठेवू नये, असे कोणी म्हणेल. पण खरा विश्वास पडताळणीला भीत नाही. ठगाला घाई आणि गुप्तता लागते. पैसे मिळण्याआधी पैसे भरायला सांगितले, की थांबावे, चारचौघांना विचारावे. विवेकच विश्वासाची राखण करतो.