माळा किती उंच असावा?

जागलीचा माळा किती उंच बांधावा, हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. मास्तराचे त्यात काय काम, असे कोणीही विचारेल. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना शिकवतो. आमची उंची फार तर फळ्यापर्यंतची. परंतु गेल्या हिवाळ्यात अंतरवाली सराटीच्या शिवारात, मामूंच्या ज्वारीच्या कडेला, याच प्रश्नाने आम्हाला रात्रभर जागे ठेवले.

२०२३ साली आरक्षणाच्या आंदोलनामुळे या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. पण शिवारातले एक दुखणे वर्तमानपत्रात क्वचितच येते. ज्वारी हुरड्यात आली की रात्री रानडुकरे येतात, पहाटे हरणांचा कळप येतो, आणि रोही आला तर तो खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत आडवी होते.

मामूंचा धाकटा मुलगा त्या दिवशी संतापलेला होता. बांधावरच्या लिंबावर त्याला माळा बांधायचा होता, आणि कोणीतरी त्याला भरमार बंदूक देऊ केली होती. त्याने आम्हाला विचारले, "भाईजान, तुम्ही शिकलेले. किती फुटांवर बांधू?"

आम्ही काही बोलण्याआधी मामू म्हणाले, "मियाँ, उपर चढे तो नजर बढती, निशाना घटता."

मामूंचे हे बोलणे शिकारीच्या शास्त्राला धरून आहे. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी झाडावर बैठक टांगतात. ती साधारण पंधरा-वीस फुटांवर असते. उंचावर माणसाचा वास जनावरापर्यंत सहज पोहोचत नाही आणि हालचालही त्याच्या नजरेत भरत नाही. मात्र जितके वर जावे तितका नेमाचा कोन उभा होतो. वरून दिसणारी हरणाची पाठ अरुंद. गोळी किंवा बाण दोन्ही फुप्फुसांतून जाण्याऐवजी एकातूनच जाण्याचा धोका वाढतो. मग जनावर जागेवर पडत नाही. जखम घेऊन रानात जाते आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरते. म्हणजे शिकारी जितका सुरक्षित, तितकी शिकारीची वेदना लांबण्याची भीती जास्त. उंचीचा नैतिक प्रश्न इथून सुरू होतो.

कायदा आम्ही मामेभावाला सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारले तर किमान तीन वर्षांची कैद. रानडुक्कर किंवा रोही उभ्या पिकाला घातक ठरत असेल तर त्याला मारण्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "पहिल्या तारखेला तुमचा पगार होतो, भाईजान. माझा पगार ते खाऊन जातात."

या वाक्याने आम्ही गप्प झालो. पगारदाराची दया स्वस्त असते. हरणाच्या डोळ्यांवर शेर ऐकून दाद देणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या डोळ्यांची किंमत कधी मोजलेली नसते. संत तुकारामांची एक कथा सांगतात. त्यांना शेत राखायला माळ्यावर बसवले, तर त्यांनी पाखरांना हाकललेच नाही; दाणे खाऊ दिले. कथेत पुढे चमत्कार होतो आणि पीक उदंड येते. आमच्या मामूंच्या शेतात चमत्काराची सोय नाही. म्हणून करुणा खरी असेल तर तिचा खर्च कोणी सोसायचा, हेही विचारावेच लागते. हरीण जगावे असे ज्यांना वाटते, त्या सर्वांचा शेतकऱ्याच्या नुकसानीत वाटा आहे. भरपाईचा पंचनामा वेळेवर व्हावा हा त्याचा हक आहे. ती खैरात समजू नये.

त्या रात्री आम्ही त्याच्यासोबत जागलीला गेलो. लिंबाच्या फांदीवर नव्हे, ज्वारीच्या कणसांच्या थोड्याच वर, बाभळीच्या चार मेढी रोवून मामूंनी जो जुना माळा उभा केला होता, त्यावर बसलो. जवळ गोफण, बॅटरी आणि पत्र्याचा डबा. पहाटेच्या सुमारास ज्वारी हलली. एक मादी आणि तिचे पाडस, अगदी दगडाच्या टप्प्यात. मादीचे कान आमच्याकडे वळले. मामेभावाचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.

कुरआनच्या पाचव्या सूरहमध्ये, सूरह माइदामध्ये, इहराममधल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना केली आहे. तिथेच सांगितले आहे की हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात शिकार आणून तुमची परीक्षा घेतली जाईल. आम्ही काही इहराममध्ये नव्हतो, आणि हलाल शिकारीला आमच्या धर्मात मनाई नाही. तरी त्या क्षणी त्या आयतीची आठवण झाली. दूरच्या जनावराला सोडून देणे सोपे आहे. नीयत कळते ती टप्प्यात आल्यावर.

त्याने डबा वाजवला. मादी उडाली, पाडस तिच्यामागे. तो खाली उतरून आरोळ्या देत बांधापर्यंत धावत गेला. ठरलेल्या पंधरा फुटांवर बसला असता तर इतक्या झटकन उतरता आले नसते.

उजाडल्यावर चहा घेताना मामूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. हल्ली काही जण माळा बांधतच नाहीत. कुंपणाच्या तारेत रात्री वीज सोडतात आणि घरी जाऊन झोपतात. तार डुक्कर, हरीण, शेजाऱ्याचा बैल आणि पाणी द्यायला निघालेला माणूस यांत फरक करत नाही. आम्हाला वाटते, उंचीच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. माळ्यावरचा माणूस निदान जागा असतो. जे होईल ते त्याच्या डोळ्यांदेखत होते. तार लावणारा स्वतःच्याच कृत्याच्या वेळी गैरहजर असतो. माणूस आपल्या कृत्यापासून जितका दूर बसेल, तितके त्याचे मन निर्धास्त होते.

हाच माळा दुसऱ्या कामीही येतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्या राज्यातल्या अभयारण्यांत लोक पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसून जनावरे मोजतात. लाकूड तेच, उंची तीच, हातात फक्त कागद आणि पेन्सिल.

आमचे उत्तर असे : पीक ओलांडून दिसावे इतका उंच, आणि हाक मारत पटकन उतरता यावे इतका खाली. बंदूक परत गेली. मामेभावाने माळ्याच्या मेढी हातभर वाढवल्या, कारण यंदा ज्वारी उंच आली होती. त्या आठवड्यात त्याची तीन-चार ओळी ज्वारी तरीही गेली. आम्ही तलाठ्याला द्यायचा अर्ज मराठीत लिहून दिला. तेवढे तर मास्तराचे काम होतेच.