झोपेचं आधी सांग

प्रिय चिऊ,

बदलापूरची जांभळं आता संपत आली. तुझ्यासाठी रस काढून ठेवलाय. परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, नुसतं पडून राहावंसं वाटतं," तेव्हापासून जिवाला घोर लागलाय गं.

उल्हासनगरच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं सिस्टर होते. डिप्रेशन प्रत्येकाचं सारखं नसतं, बाळा. कुणाला पहाटे तीन-चारलाच जाग येते, सकाळ खायला उठते, संध्याकाळी जरा बरं वाटतं. चालणं-बोलणं मंदावतं, अन्नावरची वासना उडते, लेकरू समोर आलं तरी चेहरा हलत नाही. कुणाचं नेमकं उलट. दहा-बारा तास झोप, सारखी खा-खा, हातपाय शिशासारखे जड, पण मैत्रीण भेटली की तेवढ्यापुरता चेहरा खुलतो. अशांना घरचे हमखास आळशी म्हणतात. मला त्याचा फार राग येतो.

पण माझी काळजी वेगळीच आहे. महाशिवरात्रीला तू अंबरनाथच्या जत्रेला आली होतीस, आठवतं? आठवडाभर रात्री दोन-तीन तास झोपायचीस, तरी ताजीतवानी. बोलणं थांबत नव्हतं. उल्हासनगरच्या कापडबाजारात एका दुपारी सगळा पगार उडवलास. सगळे तुझ्या उत्साहाचं कौतुक करत होते. उदासीच्या आधी असे चढाचे दिवस येऊन गेले असतील, तर तो बायपोलर आजारही असू शकतो. त्यात नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी मन भलतंच वर चढू शकतं. निदान डॉक्टर करतील. पण पेशंट दुःख तेवढं सांगतो, चढाचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत. तू ते आपणहून सांग. झोप कधी लागते, कधी मोडते, तेही रोज लिहून ठेव. रूममेटच्या उरलेल्या गोळ्यांना हात लावू नकोस.

एखादा दिवस मन उतरलं तर मी इतकं लिहिलं नसतं. दोन आठवडे रोज, दिवसातला बराच वेळ असं वाटत असेल तर थांबायचं नाही. बंगळुरूत निम्हान्ससारखं मानसोपचाराचं रुग्णालय तुझ्या हाताशी आहे. थायरॉईडही तपासून घे, त्यानेही माणूस असाच मरगळतो. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच क्षणी टेली-मानसला १४४१६ वर फोन कर. दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. मलाही कर, रात्री दोन वाजले तरी.

तुझ्या बाबांशी मी बोलते, त्यांची चिंता करू नकोस. डॉक्टरांची वेळ ठरली की कळव. मी येते, तुझ्यासोबत बसते. मला आता कुठे रजा काढायचीय!

तुझी,
आत्या