मीठ धुणारे वडील

लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी सोवळं इतकं कडक, की वडील मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावत. पुढे १८९५ साली नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाला. संसारच उधळला. एखादीने आयुष्यभर दोघांच्या नावाने बोटं मोडली असती. लक्ष्मीबाईंनी मात्र उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं, आणि त्या मिठाची गंमत सांगताना वडिलांवर डूख धरला नाही. नवऱ्याची विक्षिप्तताही मिस्कीलपणे रंगवली. स्वतःलाही सोडलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

तुमच्याही मनात एखादी जुनी अढी असेल. आज चहा पिताना त्या अढीमागची गोष्ट घरात कुणाला तरी पहिल्यापासून सांगा. समोरच्याची बाजू धरून.